जाते जपायचे, पण कशासाठी?

घराघरातून हद्दपार झालेले जाते आता बागेत, हॉटेलांत आणि फार्महाऊसच्या पायवाटांवर शोभेसाठी परत आले आहे. पण केवळ दगड जपला म्हणजे जाते जपले असे होते का? त्या दोन दगडांबरोबर आणखी काय काय जपायला हवे, याचा हा आढावा.

दिल्लीच्या दक्षिणेकडील एखाद्या फार्महाऊसवर लग्नाच्या स्वागत समारंभाला गेलात, तर हिरवळीतून मांडवाकडे जाणाऱ्या वाटेवर जरा खाली बघा. मधोमध भोक असलेले गोल दगड फरसबंदीत बसवलेले दिसतील. गुरुग्राम, नोएडातील राजस्थानी थाटाच्या हॉटेलांत दारातच एक जाते मांडलेले असते. त्यात पाणी भरून वर झेंडूची फुले सोडलेली असतात. जुन्या हवेल्यांची दारे, खांब आणि झरोके विकणाऱ्या दुकानांतही चक्कीचे दगड मिळतात. कुणी त्यावर काच टाकून टेबल करतो, तर कुणी त्याचे कारंजे बनवतो.

या दगडांवर कधीकाळी कुणाच्या तरी घरचे पीठ पडत होते, हे मात्र पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही. बहुतेक वेळा वरचा दगड एकीकडे गेलेला असतो आणि खालचा दुसरीकडे. खुंटा नाहीसा झालेला असतो, खीळ गंजून पडलेली असते. वस्तू वाचली, पण तिची ओळख पुसली गेली.

करोल बाग, पहाडगंजपासून नोएडापर्यंत पसरलेल्या मराठी घरांतही जात्याची कथा फार वेगळी नाही. गावचे घर विकले, वाटण्या झाल्या की तांब्या-पितळेची भांडी दिल्लीला येतात. जाते तेवढे मागे राहते, कारण एवढे ओझे रेल्वेने आणायचे कुणी? मग घरात लग्न निघाले की हळद दळण्याच्या विधीसाठी जाते शोधत फिरायची वेळ येते. एरवी अडगळ असलेल्या त्या दगडाला त्या दिवशी हळदकुंकू लागते, खुंट्याला हळकुंड आणि सुपारी बांधली जाते आणि चार सुवासिनी त्याच्याभोवती बसतात.

दोन दगडांचे यंत्र

जाते दिसायला साधे असले तरी त्याची घडण अतिशय विचारपूर्वक केलेली असते. खालचा दगड स्थिर. त्याच्या मध्यभागी खीळ ठोकलेली. वरचा दगड या खिळीवर तोलला जातो आणि खुंट्याने फिरवला जातो. वरच्या दगडाच्या मधल्या भोकाला जात्याचे तोंड म्हणतात. त्यात मूठमूठ दाणे वैरायचे. दाणे दोन दगडांच्या मध्ये शिरतात, चिरडले जातात आणि फिरण्याच्या वेगाने कडेकडे सरकत पीठ होऊन भोवती सांडतात.

पीठ बारीक हवे की भरडा, हे दोन दगडांतल्या फटीवर ठरते. भरड काढायची असली की बायका खिळीवर चिंधीची छोटीशी चकती घालत. वरचा दगड केसभर उचलला जाई, जाते हलके फिरू लागे आणि डाळ, रवा, कण्या हव्या तशा निघत. ज्वारी-बाजरीचे पीठ हवे असले की चिंधी काढून टाकायची. एवढ्याशा चिंधीवर अख्ख्या घराच्या भाकरीचा पोत अवलंबून असे आणि तिचा अंदाज कुठल्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता. सासूच्या हाताखाली बसून सून तो शिकत असे.

दगडाची जातही महत्त्वाची. महाराष्ट्राचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने बनले आहे. त्या काळ्या, कठीण पाषाणाची जाती वर्षानुवर्षे टिकतात. उत्तरेत ठिकठिकाणी वालुकाश्माच्या चक्क्या वापरात होत्या. वालुकाश्म घडवायला सोपा, पण तो लवकर झिजतो आणि नीट न घडवलेल्या चक्कीचे पीठ दाताखाली कचकचते. म्हणूनच जाते घेताना जुनी माणसे दगडावर बोटांनी टिचकी मारून त्याचा आवाज ऐकत असत.

पाट्यापासून जात्यापर्यंत

माणूस धान्य दळायला शिकला तो आधी पाट्यावर. दिल्लीहून मोटारीने काही तासांच्या अंतरावर, हरियाणाच्या हिसार जिल्ह्यात राखीगढी हे हडप्पा संस्कृतीचे मोठे स्थळ आहे. त्या काळच्या वस्त्यांत गोल फिरणारे जाते नव्हते. मोहेंजोदडोच्या उत्खननात मोठ्या संख्येने मिळाले ते घोड्याच्या खोगिरासारखे मधे खोलगट झालेले दगड. त्यावर दुसरा दगड पुढे-मागे घासून धान्य वाटले जाई. आपल्या पाटा-वरवंट्याचे हे पूर्वज म्हणायला हरकत नाही.

पुढे-मागे घासण्याऐवजी दगड गोल फिरवायचा, ही कल्पना माणसाला बऱ्याच उशिरा सुचली. स्पेनच्या पूर्व भागात इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास फिरती जाती वापरात आली होती, असे पुरातत्त्वज्ञ सांगतात. महाराष्ट्रात नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तेथे सातवाहन काळातील थरांत फिरत्या जात्यांचे दगड मिळाले. या विषयावर सांकलियांनी १९५९ साली 'अँटिक्विटी' या जगप्रसिद्ध नियतकालिकात लेखही लिहिला. म्हणजे आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातल्या जात्याची परंपरा जवळजवळ दोन हजार वर्षांची आहे.

त्याचे नावही तितकेच जुने. संस्कृतमधील 'यंत्र' या शब्दापासून मराठीत 'जाते' आले. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात त्याच शब्दाचे 'जाँता' झाले आणि दळताना म्हणायच्या गाण्यांना 'जँतसार' हे नाव पडले. संस्कृतमधला दुसरा शब्द 'घरट्ट'. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात आणि गढवालात पाण्यावर चालणाऱ्या चक्कीला घराट. दिल्लीत या साऱ्या प्रांतांची माणसे एकाच सोसायटीत राहतात, एकाच बसथांब्यावर उभी असतात. खानदेशची आजी, गढवालचा चौकीदार आणि छपराहून आलेली कामवाली यांच्यात दुसरे काही समान नसले तरी त्यांच्या आठवणीतला एक दगड समान आहे.

पाण्याने फिरणारे जाते

हाताऐवजी पाण्याच्या जोरावर दगड फिरवण्याची विद्याही आपल्याकडे होती. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादमधील पाणचक्की याची साक्ष देते. बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्याच्या आवारात १७४४ च्या सुमारास ती बांधली गेली. दूरवरून मातीच्या नळांनी आणलेले पाणी उंचीवरून पात्यांवर पडते, चाक फिरते आणि त्याबरोबर वरचा दगड फिरतो. येथे येणाऱ्या यात्रेकरूंसाठी आणि आश्रितांसाठी या चक्कीवर पीठ दळले जात असे. आज पर्यटक ते पाहायला जातात.

हिमालयात मात्र पाणचक्की ही केवळ बघण्याची वस्तू नाही. गढवाल, कुमाऊँ, हिमाचलच्या ओढ्यांवर अजूनही काही घराटे धान्य दळतात. डेहराडूनच्या 'हेस्को' या संस्थेने घराटांत सुधारणा करून ती पुन्हा उपयोगी करण्याचे काम हाती घेतले. संस्थेचे संस्थापक डॉ. अनिल प्रकाश जोशी यांना २००६ साली पद्मश्री आणि २०२० साली पद्मभूषण मिळाले. दगड आणि पाणी तेच ठेवून चाक सुधारले, तर जुने यंत्र नव्या काळात दळण दळू शकते, वीजही निर्माण करू शकते, हे या कामातून दिसले. दिल्लीहून डोंगरात सुटीला जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून एखादे चालू घराट मुलांना जरूर दाखवावे.

टाकी लावणारे हात

जाते विकत घेतले म्हणजे जन्मभराची सोय झाली, असे नसते. दळून दळून दगडाचे तोंड गुळगुळीत होते. मग दाणे फुटत नाहीत, नुसते घसरतात. अशा वेळी दगडाला पुन्हा खरखरीत करावे लागते. याला टाकी लावणे म्हणतात. पोलादी टाकी आणि हातोडी घेऊन दगडाच्या तोंडावर बारीक खाचा पाडायच्या, त्या सारख्या खोलीच्या हव्यात आणि मधून कडेकडे जाणाऱ्या हव्यात. एक घाव जास्त बसला तर कपचा उडतो आणि पीठ एका बाजूला साचू लागते.

हे काम करणारी माणसे गावोगाव फिरत. विदर्भात टाकणकार नावाची जमात याच कामावर जगत असे. तिचे नावच टाकी लावण्यावरून पडले. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात या लोकांची नोंद आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'पारधी' या नोंदीखाली टाकणकार हे नाव आजही वाचायला मिळते. राज्यात इतर ठिकाणी वडार आणि पाथरवट हे काम करीत.

या कारागिरांच्या वाट्याला मान फारसा आला नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अशा अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. हा शिक्का कायद्याने पुसला जायला १९५२ साल उजाडले. ज्या माणसाच्या टाकीशिवाय गावातली एकही चूल धड पेटली नसती, त्याला गावाबाहेरच पाल ठोकावे लागे. आज संग्रहालयात जात्याखाली गावाचे आणि काळाचे नाव लिहिलेले असते, पण ते घडवणाऱ्याचे आणि त्याला टाकी लावणाऱ्याचे नाव सहसा नसते.

घरगुती जाती थांबल्यावर हे कसब जवळपास संपले. काही कारागीर पिठाच्या गिरणीचे दगड टाकण्याकडे वळले, तर काही पाटे-वरवंटे विकू लागले. दिल्लीच्या वस्त्यांतून सिल-बट्ट्याला टाकी लावणारा माणूस फिरायचा, तोही आता क्वचितच दिसतो. मिक्सर घराघरात आल्यावर त्याला बोलावणार कोण?

दगडापाशी बोललेले मन

जात्याने पीठ दिले तसे मराठीला एक मोठे काव्यही दिले. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ११२९ सालच्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. त्यानंतर दीडशे वर्षांनी, १२९० साली ज्ञानेश्वरांनी आपला गीताभाष्याचा ग्रंथ सांगितला तो ओवी छंदातच आणि तोही नेवाशालाच. ज्या गावच्या मातीत महाराष्ट्रातली इतकी जुनी जाती सापडली, त्याच गावी ओवीला ग्रंथाची प्रतिष्ठा मिळाली, हा योगायोग मोठा सुंदर आहे.

संत जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करीत. प्रत्यक्ष विठ्ठल तिच्याबरोबर जात्यावर बसला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून एक जाते दाखवले जाते आणि वारकरी त्याचा खुंटा फिरवून पुढे जातात. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी घरोटावर कविता केली. त्या स्वतः लिहूवाचू शकत नव्हत्या. त्यांच्या कविता १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या, तेव्हा शिकल्यासवरलेल्या महाराष्ट्राला जात्यापाशी केवढी प्रतिभा बसली होती हे कळले. 'जात्यावर बसले की ओवी सुचते' ही म्हण उगाच पडलेली नाही.

पहाटेच्या अंधारात घर झोपलेले असे. जात्याच्या घरघरीत आपला आवाज कुणाला ऐकू जाणार नाही, हा दिलासा असे. मग माहेरची आठवण, भावाची वाट, सासरचा जाच, नवऱ्याचा अबोला, सीतेचे दुःख, पंढरीची ओढ असे सारे ओवीत उतरत असे. दिवसभर जिला बोलायला कुणी नव्हते, ती पहाटे दोन तास दगडाशी बोलत असे.

हे बोल वाचवण्याचे मोठे काम पुण्यात झाले. हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन भारताचे नागरिक झालेले गी पॉइतवाँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. एक हजारावर गावांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या एक लाखाहून जास्त ओव्या त्यांच्या संस्थेने टिपून ठेवल्या. संगीताचे अभ्यासक बर्नार बेल यांच्या मदतीने पुढे त्यांतील अनेकींचे आवाजही ध्वनिमुद्रित झाले. या ओव्यांत रामसीता आहेत तसे डॉ. बाबासाहेब आंबेडकरही आहेत. पॉइतवाँ २००४ साली गेले आणि राईरकर २०१० साली. २०१७ पासून हा ठेवा 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुला केला. ज्यांची नावे गावाच्या वेशीबाहेर कधी गेली नव्हती, त्या बायका आज आपल्या नावागावासह जगभर ऐकल्या जातात.

कष्टाचा विसर नको

ओव्यांचे कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. जाते म्हणजे बाईच्या वाट्याला आलेली रोजची सक्तमजुरी होती. पहाटे तीन-चारला उठायचे, पाच-सहा माणसांचे पीठ दळायचे आणि मग पाणी, चूल, गोठा, शेत. गरोदर बाई असो की बाळंतपणातून उठलेली, दळण चुकत नसे. खांदे भरून येत, तळहाताला घट्टे पडत. हिंदीत तुरुंगवासालाच 'चक्की पीसना' म्हणतात. तुरुंगात ही शिक्षा होती आणि घरात तिला कर्तव्य म्हटले जाई, एवढाच फरक. शेवटी 'आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते' ही म्हणही याच दगडापाशी जन्मली.

म्हणूनच गावात पहिली पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांना किती हायसे वाटले असेल याची कल्पना करावी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अँटिपेटर नावाच्या ग्रीक कवीने पाणचक्कीवर एक कविता केली. तिच्यात तो दळणाऱ्या मुलींना सांगतो की आता खुशाल झोपा, तुमचे काम पाणी करील. आपल्याकडे खेड्यातल्या कित्येक बायकांना हा निरोप विसाव्या शतकात डिझेलच्या इंजिनाने दिला.

तेव्हा सुनेने पुन्हा जात्यावर दळावे, त्यातच खरे आरोग्य आहे, असा उपदेश कुणी करू लागले तर त्याला आधी स्वतः पायलीभर ज्वारी दळून दाखवायला सांगावे. दगडी चक्कीच्या पिठात कोंडा आणि धान्याचा अंकुर राहतो हे खरे, पण ते काम गल्लीतली आटा चक्कीही करते. आज पाकिटबंद पिठावर जात्याचे चित्र छापून ते विकले जाते. चित्रात जाते असते, नटलेली हसरी बाई असते, घट्टे मात्र नसतात.

मग जाते जपायचे ते कशासाठी? एका यंत्राची हुशारी, एका कारागिराचे कसब, एका बाईचे कष्ट आणि तिचे गाणे या चारही गोष्टी त्या दगडात एकत्र आहेत म्हणून. यातल्या तीन गाळून फक्त दगड बागेत ठेवला, तर तो रस्त्यावरच्या कुठल्याही धोंड्यासारखाच.

दुसऱ्या देशांनी काय केले?

जात्याचे मोल सर्वच जुन्या समाजांनी ओळखले होते. ज्यूंच्या धर्मग्रंथात कर्जापोटी कुणाचे जाते किंवा त्याचा वरचा दगडही गहाण घेऊ नये, अशी आज्ञा आहे, कारण ते घेणे म्हणजे त्या माणसाचे जगणेच गहाण घेणे. अमेरिकेत नव्याने वसाहत करणारे लोक ओढ्याकाठी गिरण्या उभारत. बारीक पिठासाठी लागणारे दगड ते थेट फ्रान्सच्या ला फर्ते-सू-जुआर या गावच्या खाणींतून मागवत. गारेच्या दगडाचे तुकडे जोडून, भोवती लोखंडी पट्ट्या आवळून ते तयार केलेले असत. १८७० नंतर पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या आणि हे दगडही अंगणांत, रस्त्याकडेला जाऊन पडले. अखेर १९७२ साली तिथल्या हौशी लोकांनी जुन्या गिरण्या जपण्यासाठी संस्था काढली.

नेदरलँड्सने त्याच वर्षी वेगळा मार्ग धरला. तिथे गिरणी चालवायला शिकणाऱ्या स्वयंसेवकांचा संघ स्थापन झाला. गिरणी नुसती रंगवून उभी करायची नाही, ती चालवणारा माणूसही तयार करायचा, असा त्यांचा विचार. २०१७ साली युनेस्कोने पवनचक्की आणि पाणचक्की चालवण्याच्या या कसबाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. हा मान इमारतीला नव्हे, तर हातांच्या ज्ञानाला मिळाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडेही रोजच्या वापरातल्या वस्तूंचे महत्त्व ओळखणारी माणसे झाली. पुण्यात दिनकर केळकर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ राजा केळकर संग्रहालय उभे केले. त्यात राजेरजवाड्यांच्या वैभवापेक्षा स्वयंपाकघरातल्या भांड्यांना, दिव्यांना, अडकित्त्यांना मानाची जागा मिळाली. वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झाले ते ग्रामोद्योगांच्या साधनांसाठी. दिल्लीच्या सीमेवर आनंदग्राम येथे ओ. पी. जैन यांनी दैनंदिन कलेचे संग्रहालय उभारले. पण संग्रहालये किती जाती ठेवणार? उरलेली जाती आपल्यालाच सांभाळावी लागतील.

घरचे जाते जपताना

तुमच्या घरात किंवा गावी जाते असेल, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

जोडी फोडू नका. वरचा आणि खालचा दगड एकमेकांवर झिजून एकमेकांचे झालेले असतात. दुसऱ्या जात्याचा दगड त्यावर नीट बसत नाही. वाटणीत एक दगड एका भावाला आणि एक दुसऱ्याला असे तर कधीच करू नका.

साफ करताना कोरडा ब्रश आणि नंतर साधे पाणी वापरा. साबण, सोडा, ॲसिड लावू नका. दगड ते शोषून घेतो. उन्हात चांगले वाळवा. तेलरंग किंवा वॉर्निश लावल्यास दगडाचा पोत आणि टाकीच्या जुन्या खुणा झाकल्या जातात.

लाकडी खुंटा हलत असला तर नवा बसवून घ्या, पण जुना फेकू नका. त्यावर तीन पिढ्यांच्या हातांची झळाळी असते. खिळीचा गंज घासून काढून तिला तेलाचे बोट लावा.

जाते सिमेंटमध्ये बसवू नका. एकदा बसवले की ते न फोडता काढणे कठीण. बागेत ठेवायचेच असेल तर विटांच्या कोरड्या ओट्यावर, दोन्ही दगड एकावर एक ठेवून, पावसाचे पाणी साचणार नाही असे ठेवा.

दळायला वापरायचे असेल तर आधी टाकी लावून घ्या. कारागीर मिळाला तर त्याने मागितलेली मजुरी घासाघीस न करता द्या. तो काम करीत असताना उघड्यावर बसवा आणि तोंडाला फडके बांधायला द्या, दगडाची धूळ फुफ्फुसांना अपायकारक असते. टाकी लावल्यावर पहिली दोन-तीन दळणे भरड धान्याची काढून टाकून द्या. पीठ बोटांत चोळून खर लागत नाही ना हे पाहा आणि मगच खाण्यासाठी दळा.

हलवताना ओढत नेऊ नका. वरचा दगड उतरवून, दोघांनी मिळून, गोणपाटात गुंडाळून न्या. परदेशी राहणाऱ्या मुलाला जुने जाते पाठवायचा विचार असेल तर आधी चौकशी करा. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरातन ठरू शकतात आणि त्या खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जात्याची हकिकत लिहून ठेवा. ते कोणत्या गावचे, कुणाच्या लग्नात आले, त्यावर काय दळले जाई, टाकी लावायला कोण येई, त्याचे नाव काय होते, शेवटचे दळण कधी झाले, हे सारे एका कागदावर लिहा, दगडाचा फोटो काढा आणि दोन्ही एकत्र ठेवा. हकिकत नसलेले जाते संग्रहालयालाही फारसे उपयोगी पडत नाही.

आधी आजीला विचारा

दगडाला घाई नाही. तो आणखी पाचशे वर्षे तसाच राहील. घाई आहे ती माणसांची. ज्यांनी लहानपणी आईच्या मांडीवर डोके ठेवून जात्याची घरघर ऐकली, तरुणपणी स्वतः दळले आणि मग गिरणीवर डबा पाठवायला सुरुवात केली, अशा स्त्रिया आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांतल्या काही मुलाच्या नोकरीमुळे दिल्ली, गुरुग्राम, गाझियाबादच्या बाराव्या मजल्यावर येऊन राहिल्या आहेत. दिवसभर टीव्ही समोर असतो, बोलायला कुणी नसते.

त्यांच्यापाशी बसा. मोबाईलवर आवाज मुद्रित करायला आता काहीच खर्च येत नाही. 'ओवी म्हणा' असे एकदम सांगितले तर त्या लाजतील, आठवत नाही म्हणतील. त्यापेक्षा त्यांच्या हातात खुंटा द्या. जाते नसेल तर पाटा द्या किंवा नुसतेच दळायला बसल्यासारखे बसायला सांगा. हात फिरू लागला की शब्द येतात, असा ओव्या गोळा करणाऱ्यांचा अनुभव आहे. सोबत त्यांचे नाव, माहेरचे आणि सासरचे गाव नोंदवा. मराठी शाळांनी आणि महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात एक दुपार अशा आज्यांसाठी राखून ठेवली, तर मुलांना मराठीचा त्याहून चांगला धडा मिळणार नाही. गुरुग्राममध्ये लोकसंगीताच्या आणि शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यासकांसाठीचा एक मोठा संग्रह १९८२ पासून काम करतो आहे. ध्वनिमुद्रण कसे जपावे, त्याच्या नोंदी कशा ठेवाव्यात, याची दृष्टी अशा संस्थांकडून मिळू शकते.

आणि आजीने एखादी ओवी म्हणून झाल्यावर तिला एवढे जरूर विचारा की दळताना खांदे दुखायचे का. ती काय सांगेल तेही त्याच वहीत लिहून ठेवा.